एक आटा जास्त

बाबा, गेल्या आठवड्यात मानपाड्याला मेस्त्रीकाका दिसले. नातवाच्या फर्निचरच्या दुकानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, लुंगी, वर बिनबाह्यांचा स्वेटर, कानाला ऐकण्याचं यंत्र. मी आपली घाईत पुढे निघाले होते, पण त्यांनीच मला ओळखलं आणि हाक मारली. माझं नाक तुझ्यावर गेलंय म्हणतात, त्यावरून ओळखलं असेल. अर्धा तास बोललो आम्ही, चहा झाला, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं, गॅस बंद केला की नाही ते बघायला मी तीनदा उठते. म्हणून म्हटलं तुला लिहावं. तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा कळव्याच्या त्या दोन खोल्यांत पत्र लिहायची गरज कुणाला होती, एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला कळायचं. शिवाय तुला सहीपुरतीच अक्षरं येत होती. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असतं तरी वाचून दाखवायला मलाच बसावं लागलं असतं, आणि मी मधला भाग गाळला असता. तुला सांगायचंय ते त्या गाळलेल्या भागाबद्दलच आहे.

मी डोंबिवलीजवळ मानपाड्याच्या कारखान्यात लागले तेव्हा आईला लोकांना काय सांगावं ते कळायचं नाही. "पान्याची खोली मोजायचा मशीन बनवतं माजी पोर," असं ती सांगायची आणि मासळी घ्यायला आलेल्या बायका म्हणायच्या, त्याला मशीन कशाला, काठी नाय का? कारखाना कसला, पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे मच्छीमारी बोटींसाठी साउंडर बनायचे. बोटीच्या तळाला बसवायचा पितळी भाग माझ्या टेबलावर जोडला जायचा. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणायचे, तू त्याला अळंबं म्हणायचास, आणि ते दिसायचंही तसंच, खाली चपटी टोपी आणि वर आट्यांचा जाड देठ. टोपीच्या आत चिनीमातीसारखी एक पांढरी चकती. तिला वीज दिली की ती थरथरते, पाण्यात आवाज सोडते, आणि तळाला आपटून परत आलेला आवाज ऐकते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली. हे मी तुला आपल्या ओट्यावर बसून समजावलं होतं तेव्हा तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजे हाक मारतं आनि ओ आली का बघतं." इतक्या वर्षांत मी कित्येक नव्या पोरींना हे काम शिकवलं, पण याहून सोपं मला सांगता आलेलं नाही.

जोडलेले सगळे भाग संध्याकाळी पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि सकाळी काढून बघायचे. ज्याच्या आत पाणी शिरलेलं असेल तो भाग मधल्या टेबलावर ठेवायचा, त्याखाली जोडणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी. पहिल्या वर्षी एका आठवड्यात माझे दोन भाग गळले. सुपरवायझर पुण्याकडचे होते, आवाज कधी चढवायचे नाहीत, आणि तेच वाईट होतं. सगळ्यांदेखत माझा तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाले, "हाताला जोर नाहीये तुमच्या. पोळ्या लाटायचा हात आहे हा, पाना धरायचा नव्हे." शेडमधले पुरुष हसले, बायका जरा जास्तच हसल्या. मी त्या दिवसापासून ठरवलं की माझ्या हातचं एकही अळंबं त्या टेबलावर दिसणार नाही. नियम साधा होता. नट आवळत जायचं, खालचं रबर चेपून काठाबाहेर डोकावलं की समजायचं बसलं. मी त्यावर आणखी थोडं आवळायचे. तीन वर्षं माझी एकही चिठ्ठी निघाली नाही. हे मी तुला घरी सांगितलं नव्हतं. तुला वाटायचं, पोरीला कामाची आवड आहे. आवड नव्हती रे, राग होता.

आणि तुझी होडी. एका शिडाची, इंजिन नाही, मागे सुकाणू, पुढे नांगर आणि बसायच्या फळीवर तुझी शिशाचा गोळा बांधलेली दोरी. दोन्ही हात पसरले की एक वाव, त्या मापाने दोरीला गाठी मारलेल्या. आपली खाडी तुला तळहातासारखी पाठ होती, असं सगळेच म्हणायचे. पण त्या वर्षांत खाडीच बदलायला लागली होती. रेती काढणाऱ्या बोटी येऊन जिथे उथळ होतं तिथे खड्डे करायच्या, आणि तो गाळ जाऊन बसायचा जिथे पूर्वी तू डोळे मिटून होडी न्यायचास तिथे. एका शुक्रवारी मी घरी होते. आमची सुट्टी शुक्रवारी असायची. दुपारी ओहोटी लागल्यावर कुणीतरी येऊन सांगितलं, तुझी होडी चिखलावर बसलीय. मी आणि आई बांधावर गेलो. तू भर उन्हात, पाणी नसलेल्या खाडीत, कललेल्या होडीत बसून होतास, कोळंबीची पाटी डोक्यावर घेऊन. भरती येईपर्यंत चार तास. बांधावरून पोरंटोरं ओरडत होती आणि तू त्यांच्याकडे बघतही नव्हतास. घरी आल्यावर तू जेवताना एवढंच म्हणालास, "काल तिथं दीड वाव होता." त्या आवाजाने मला घाबरायला झालं. तू रागावला असतास तर चाललं असतं. तुला काही कळेनासं झालं होतं आणि ते मी पहिल्यांदा बघत होते.

कारखान्यात एक साउंडर पडून होता, डब्याला पोचे आलेले म्हणून गिऱ्हाइकाने परत केलेला. मालकांकडे मी तो मागितला आणि त्यांनी दिला. गोल तबकडी, तिच्यावर गरगर फिरणारा लाल दिवा, तळ जिथे लागेल तिथे तो चमकायचा. आकडे मीटरचे होते. तुला मीटर नको होते, म्हणून तुला भिंतीला पाठ लावून हात पसरून उभं केलं आणि टेपने मोजलं, या बोटापासून त्या बोटापर्यंत. मग कागदाची चकती कापून तबकडीवर तुझ्या वावांच्या खुणा चिकटवल्या. जगात त्या एकाच यंत्रावर एका माणसाच्या हातांचं माप होतं. तू ते बघून लाजलास. "साहेबाला माजा माप कशाला," म्हणालास, आणि तेव्हापासून त्या डब्याचं नाव साहेब पडलं.

पहिला प्रयत्न मी शहाणपणा करून केला. फायबरच्या बोटींना अळंबं आतूनच चिकटवता येतं, आवाज तळातून पार जातो. मी तसंच तुझ्या होडीत केलं, भोक पाडायला नको म्हणून. लाकडातून आवाज जात नाही हे मला पुस्तकात वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. खाडीच्या मध्यात जाऊन बटण दाबलं, दिवा नुसता गरगरला, कुठेही थांबेना. तू वाकून बघितलंस आणि विचारलंस, "साहेब निजला का?" मग मला सांगावं लागलं की तळाला भोक पाडून अळंबं बाहेर पाण्यात काढावं लागेल. वाटलं, आता तू डबा खाडीत टाकशील. तू बराच वेळ वल्हं मारत राहिलास आणि म्हणालास, मेस्त्रीला विचारू. आईने मात्र कपाळावर हात मारून घेतला. "सगली दुनया होरीची भोका बुजवतं, आनि ही बाप-लेक भोक पारतान."

मेस्त्रीकाका म्हणजे तुझा उजवा हात, हे मी तुला काय सांगणार. आपल्या वाड्यातल्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या होत्या. दुपारी ते ओट्यावर येऊन बसले की तुम्ही दोघं तासभर काही बोलायचा नाहीत आणि उठताना म्हणायचात, बरं झालं भेट झाली. त्यांनी भोकाचं ऐकलं आणि अट घातली, जुन्या फळीत पाडणार नाही, फळी नवी घालेन. तुम्ही दोघं कल्याणच्या वखारीत दिवसभर हिंडलात. काकांनी प्रत्येक फळी बोटांच्या सांध्याने ठोकून कान लावून ऐकली, तू मागे हात बांधून उभा. शेवटी एक सागवानी फळी घेऊन आलात, टेम्पोत तुम्ही दोघंही तिच्याबरोबर मागे बसून, सोयऱ्याला आणावं तसं तिला धरून. होडी तेव्हा वैशाखातल्या उन्हात वर ओढलेली होती, लेप द्यायला. काकांनी फळी बसवली, फटींत कापूस ठासला, राळ भरली. तळ तिरका असतो आणि अळंब्याने तर सरळ खाली बघायला हवं, म्हणून तिरका ठोकळा तासून दिला. त्यांना कुणी शिकवलं होतं, बाबा? मी पुस्तकातलं चित्र दाखवलं, त्यांनी ते उलटं धरलं आणि तरी बरोबर तासला. मग गिरमिटाच्या टोकाला हळद लावली, होडीला हात लावून कपाळाला लावला आणि हळूहळू भोक पाडलं. भुसा तू ओंजळीत धरलास. कशाला धरलास ते मी विचारलं नाही.

अळंबं मी बसवलं. तेवढं काम माझं होतं. बाहेरून देठ घातला, आतून रबर, वॉशर, नट. मी पाना लावून आवळायला लागले तर तू खांद्यावर हात ठेवलास. "एवरा आवलू नको गो. लाकराला अजून पानी प्याचा हाय." काकांनीही सांगितलं, आता हाताला लागेल इतकंच ठेव, होडी पाण्यात गेली की चार दिवस फुगू दे, मग मी येऊन बघतो. उन्हात वाळलेली फळी पाण्यात गेल्यावर जाड होते, वॉशरखाली तिला फुगायला जागा ठेवावी लागते, नाहीतर ती चिरते. यात न कळण्यासारखं काय आहे? काही नाही. तुम्ही दोघं चहाला गेलात. परवा उधाणाची भरती होती, तेव्हाच होडी उतरणार होती, आणि मला पुढची सुट्टी आठवड्याने. मी एकटी होडीत वाकून बघत होते. रबर काठाबाहेर डोकावत नव्हतं. टेबलावर असं अळंबं मी कधी पुढे सरकवलं नसतं. माझ्या डोळ्यांसमोर ती चिठ्ठी आली, माझा नंबर, आणि पोळ्या लाटायचा हात. मी पाना लावला आणि पूर्ण एक आटा फिरवला. दोन्ही पाय टेकवून, जोर लावून. रबर छान बाहेर आलं. त्याच वेळी बारीकसा आवाज झाला, कट्. मी स्वतःला म्हटलं, पाना घसरला. पाना बाजूला ठेवला, कापडाने पुसला, आणि तुम्ही आलात तेव्हा मी फळीवर बसून पाय हलवत होते.

पुढचे चार-पाच महिने आपल्या घरातले सगळ्यात चांगले होते, असं मी म्हटलं तर आई रागावली असती, पण माझ्यासाठी होते. चार दिवसांनी संध्याकाळी काका आले, नटाला हात लावून म्हणाले, चांगला बसलाय, फुगून आपोआप आवळला. मी मान हलवली. पहिल्या फेरीला मी बरोबर होते. तू शिशाचा गोळा टाकलास, दोरी हातात धरून म्हणालास, "दोन वाव आनि एक हात." मी तबकडी बघितली, दिवा दोनच्या जरा पुढे चमकत होता. तू पुन्हा पुढे जाऊन टाकलास, पुन्हा जुळलं. तिसऱ्यांदा तू दोरी टाकलीच नाहीस, आधी मलाच विचारलंस, साहेब काय बोलतं? पावसाळा संपेपर्यंत दुसऱ्या होड्या तुझ्या मागून यायला लागल्या. तू शीड वळवलंस की त्यांनी वळवायचं. तुला त्याची मजा वाटायची, कधी कधी मुद्दाम उगाच एक वळसा घ्यायचास. खाडी तुला परत मिळाली होती आणि ती मी दिली होती. म्हणूनच पुढचं मला बोलता आलं नसेल, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही.

दिवाळीच्या सुमारास तळात पाणी दिसायला लागलं. आधी वाटीभर, मग डबाभर. तू म्हणालास, नवी फळी आहे, बसेल. मला तेव्हा कळलं होतं. मी एकदा तू जाळं वाळवत असताना होडीत उतरले आणि नटाभोवती बोट फिरवलं. वॉशर लाकडात रुतला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेषेत केसाएवढी एक ओलसर चीर. तेव्हा बोलले असते तर काकांनी संध्याकाळपर्यंत होडी वर घेऊन फळी बदलली असती, तू मला दोन शब्द सुनावले असतेस आणि आपण जेवलो असतो. मी बोट फ्रॉकला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि वर आले. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, मुंब्र्याच्या बाजूला ओहोटीच्या जोरात, ती फळी भोकापासून लांबच्या लांब फाटली. तू एकटा होतास. डब्याने पाणी उपसत होतास आणि हातातून डबाच गेला. होडी गाळावर बसली म्हणून वाचलास, कमरेपर्यंत चिखलातून तासभर चालत आलास. दुसऱ्या होडीवाल्यांनी तुला आणलं तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते आणि तू आईला म्हणत होतास, साहेब भिजला गो, पोरीचा साहेब भिजला.

दोन दिवसांनी होडी ओढून आणली. बंदरावर सगळे जमले होते. मी कामावर निघाले होते, खांद्याला डबा. काका वाकून भोकाकडे बघत होते आणि तू त्यांच्या डोक्याशी उभा होतास. "फली खोटी निघाली तुजी," तू म्हणालास. एवढंच, आणि तेही मोठ्याने नाही. काकांनी बोट भोकाच्या कडेला फिरवलं, मी फिरवलं होतं तसंच. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "पोरी, आमी चायला गेलो तवा तू पाना लावलेला का गो?" त्यांनी साधं विचारलं, माहीत करून घ्यायला. मी म्हटलं, "नाही, काका." एवढंच. तू लगेच मध्ये आलास. "तिला कशाला इचारतंस? माजी पोर खोटा बोलत नाय. तुला फली पारखता आली नाय, ता बोल." काका उठले, हात झटकले, म्हणाले, "नाय आली असल." आणि गेले. मी गाडी पकडून कामावर गेले. त्या दिवशी माझ्या टेबलावरून अठरा भाग गेले, सगळे चांगले. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांच्या ओट्यावर कधी आला नाहीत.

वाड्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो. मेस्त्रीची फळी फाटली, माणूस बुडत होता. त्या वर्षी कुणी नवी होडी त्यांच्याकडून बांधली नाही, पुढच्या वर्षी डागडुजीलाही बोलावलं नाही. मग ते डोंबिवलीला गेले, तिथे नव्या इमारतींच्या स्लॅबसाठी सेंटरिंगच्या फळ्या ठोकायला. त्या फळ्यांमधून पाणी गळलं तरी चालतं, स्लॅब वाळला की काढूनच टाकतात. ज्या माणसाने आयुष्यभर पाणी आत येऊ दिलं नाही त्याने पुढची वीस वर्षं ते काम केलं. मी मानपाड्याला जाताना दोन-तीनदा त्यांना बांबूंवर चढलेलं बघितलं आणि मान खाली घातली. तू दुसऱ्याकडून होडी दुरुस्त करून घेतलीस, भोक बुजवलंस, पण तुझा हात पुन्हा तिच्यावर बसला नाही. मासळीही कमी होत चालली, पाण्याला फेस यायला लागला, आणि शेवटी तू घोडबंदर रोडवरच्या एका नव्या टॉवरच्या गेटवर दिवसपाळीला उभा राहिलास, खाकी शर्ट घालून. लोकांना मी सांगायचे, कारखान्यांनी खाडी मारली. तेही खोटं नव्हतं. खऱ्या गोष्टीच्या आड उभं राहायला मला छान जमतं.

तू इस्पितळात होतास त्या शेवटच्या दिवसांत मी रजा काढली होती. एका दुपारी तू झोपलायस असं वाटलं आणि तू डोळे न उघडता म्हणालास, "ती फली चांगली होती गो. मी पन ठोकून बघितलेली वखारीत. आवाज चांगला होता." मी तुझं पांघरूण सारखं केलं. तू पुन्हा म्हणालास, "मेस्त्रीला काय तरी बोलाया पायजे." मी म्हटलं, बरं वाटलं की बोल. तुला बरं वाटणार नव्हतं हे डॉक्टरांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. डोंबिवली कळव्याहून किती लांब आहे? मी जाऊन त्यांना आणलं असतं तर तुम्ही बोलला असता, आणि बोलताना ती फळी निघाली असती, आणि फळी निघाली असती तर पाना निघाला असता. म्हणून मी गेले नाही. तुझ्या डोळ्यांत मी खोटं न बोलणारी पोरगी म्हणून राहिले आणि तू ते घेऊन गेलास. तुला पोचवायला काका आले होते. सगळ्यांच्या मागे, चपला हातात धरून. कुणीतरी पुढे या म्हटलं तर म्हणाले, इथंच बराय.

मी त्याच कारखान्यात शेवटी तपासणीवाली होऊन निवृत्त झाले. वीस वर्षं दुसऱ्यांची गळती शोधली. पोरींना सांगायचे, गळलं तर गळलं, चिठ्ठी लागली तर लागली, पण लपवलेला भाग बोटीवर गेला तर माणूस बुडेल. फार छान बोलते मी, सगळे म्हणायचे. निरोपाच्या दिवशी मला घड्याळ दिलं.

तर गेल्या आठवड्याचं. काकांनी नातवाला चहा सांगितला आणि माझी चौकशी केली, मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत. मग तुझा विषय निघाला. "तुज्या बापाचा जीव जात होता माज्या फलीपायी," ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे काका, जुनी गोष्ट. ते म्हणाले, "जुनी नाय. मी रोज ती फली ठोकतो. मना कलत नाय, कुठं चुकलो. परत होरीला हात नाय लावला मी, म्हटला, आपला कान गेला." आणि हसून त्यांनी कानातल्या यंत्राला बोट लावलं. मग पुढे वाकून, अगदी तसंच साधेपणाने, माहीत करून घ्यायला विचारलं, "तू मशीनवाली. तुला काय वाटतं, काय झाला असल?" बाबा, त्यांनी तीस वर्षांनी मला दुसऱ्यांदा विचारलं. रस्त्यावर टेम्पो उभा होता, दुकानातली पोरं प्लायवूड उतरवत होती, आणि त्यांना ऐकू जायचं तर मोठ्याने बोलावं लागणार होतं. मी मोठ्यानेच बोलले. म्हटलं, "लाकडाचं काही सांगता येत नाही, काका." त्यांनी मान हलवली, पण पटलं नसावं. निघताना म्हणाले, "इचार करून सांग. शुक्रवारी दुकान बंद असतं, मी घरीच असतो, वरच्याच माल्यावर. ये."

तुझ्याशी भांडावंसं वाटतं कधी कधी. तू बंदरावर मध्ये पडला नसतास तर मी कदाचित दुसऱ्या श्वासाला खरं बोलले असते. तू माझी बाजू घेतलीस आणि दार लावून घेतलंस. पण हेही मी तुझ्यावरच ढकलतेय बघ. तू खोलीचं काय म्हणाला होतास, हाक मारायची आणि ओ आली का बघायची. मी तुला हाक मारतेय कारण तिकडून ओ येणार नाही. ज्यांची ओ येईल ते मानपाड्याला दुकानाच्या वरच्या माळ्यावर बसलेत, आणि इथून, माझ्या डोंबिवलीच्या घरून, रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, त्याला पत्ताच नाही. तो आवाज पान्याचा नव्हता, मला तेव्हाच कळलं होतं. आणि आज शुक्रवार आहे, बाबा. सकाळी दहाला मी साडी नेसून तयार झाले होते. चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं, आणि मग म्हटलं, आधी तुला दोन ओळी लिहून जाऊ. आता चार वाजलेत, मी अजून लिहितेच आहे आणि चपला पायातच आहेत.